ब्रेक लावायचा राहिला

"स्विच स्टेटमेंटमध्ये ब्रेक लिहिला नाही तर काय होईल?" हा फर्स्ट इयरच्या व्हायवातला हमखास प्रश्न. मला विचारला तेव्हा मी "फॉल थ्रू होईल, सर" असं एका दमात सांगून दहापैकी नऊ मार्क घेऊन ऐटीत बाहेर आले होते. पण या प्रश्नाचं खरं उत्तर मला कळलं दोन वर्षांनी, तेही लॅबमध्ये नाही, हॉस्टेलमध्ये, पोह्यांच्या वेळेला. ब्रेक लिहिला नाही तर एखाद्या मुलीचा नाश्ता बंद होतो!

आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. निबंध म्हणजे 'माय बेस्ट फ्रेंड', आणि मराठी फक्त घरी आणि भांडणात. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी पदरात घ्याव्यात. कॉन्व्हेंटचा विषय उगाच काढत नाहीये, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

तर आमच्या लेडीज हॉस्टेलची मेस मुलींची कमिटीच चालवते. गेल्या सप्टेंबरात हिशेबाचं काम माझ्याकडे आलं. त्याआधी सगळा हिशेब रेक्टर मॅडमच्या लांबलचक रजिस्टरमध्ये हाताने व्हायचा. मी कॉम्प्युटरवाली! मी म्हटलं, "मॅडम, एकविसाव्या शतकात रजिस्टर? मी सीमध्ये प्रोग्रॅम लिहून देते." मॅडम हसल्या आणि रजिस्टर कपाटात ठेवलं. टाकून मात्र दिलं नाही. हे लक्षात ठेवा.

मेसचे तीन प्रकार होते. 'अ' म्हणजे नाश्ता आणि दोन्ही वेळचं जेवण. 'ब' म्हणजे दोन्ही वेळचं जेवण, नाश्ता नाही. 'क' म्हणजे फक्त दुपारचं जेवण. महिन्याचा दर असा : नाश्ता ६०० रुपये, रात्रीचं जेवण ११००, दुपारचं १२००, आणि गॅस, भांडी, मावशींचा पगार वगैरे सामाईक खर्च प्रत्येकी ३००. म्हणजे अ चं बिल ३२००, ब चं २६०० आणि क चं १५००.

मेकॅनिकल आणि सिव्हिलची मंडळी सी विसरली असतील, म्हणून थोडक्यात सांगते. स्विच म्हणजे चौकातली पाटी. हातात आलेलं अक्षर अ असेल तर इकडे जा, ब असेल तर तिकडे. प्रत्येक वाटेला 'केस' म्हणतात, आणि केसचं काम झालं की 'ब्रेक' लिहून बाहेर पडायचं. पहिल्या महिन्यात मी तिन्ही केस अगदी सुट्या लिहिल्या. अ मध्ये चार बेरजा, ब मध्ये तीन, क मध्ये दोन. सामाईक खर्च तिन्हीकडे आणि दुपारचं जेवणही तिन्हीकडे. कॉपी, पेस्ट, कॉपी, पेस्ट. मग ऑक्टोबरात कमिटीने सामाईक खर्च २८० वरून ३०० केला. मी दोन ठिकाणी आकडा बदलला आणि तिसरीकडे विसरले. क वाल्या मुलींना वीस रुपये कमी बिल गेलं. कुणी तक्रार केली नाही, कारण कमी बिलाची तक्रार करणारा विद्यार्थी अजून जन्माला यायचाय! पण मला स्वतःचाच राग आला. जी गोष्ट तिघांची सामाईक आहे ती तीन ठिकाणी लिहायचीच कशाला?

इथे मला व्हायवा आठवला. ब्रेक न लिहिणं ही चूक असते, पण मुद्दाम लिहिला नाही तर ती युक्ती असते. एक साधं उदाहरण तुम्ही सगळ्यांनी केलेलं असेल : महिन्याचे दिवस सांगणारा प्रोग्रॅम. एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबर या चार केस एकाखाली एक रिकाम्या लिहायच्या आणि शेवटी एकदाच ३० दिवस. चौघांचं लॉजिक एक, म्हणून ते एकाच ठिकाणी. मी हेच एक पाऊल पुढे नेलं. नोव्हेंबरात माझा स्विच असा झाला :

केस अ : नाश्ता मिळवा
केस ब : रात्रीचं जेवण मिळवा
केस क : दुपारचं जेवण मिळवा, सामाईक खर्च मिळवा, ब्रेक

बघा, काय सुंदर दिसतंय! अ वाली मुलगी वरून शिरते, नाश्ता घेते, खाली घसरते, रात्रीचं जेवण घेते, आणखी खाली घसरते, दुपारचं जेवण आणि सामाईक खर्च घेऊन बाहेर. ब वाली मधून शिरते. क वाली शेवटी. प्रत्येक दर एकाच ठिकाणी. नोव्हेंबरची बिलं रुपयाला रुपया बरोबर आली. रूममेटला उठवून मी तो कोड दाखवला. ती ईअँडटीसीची, तिने "छान" म्हणून पांघरूण डोक्यावर ओढलं.

डिसेंबरात मार्गशीर्ष आला. गुरुवारचा उपास करणाऱ्या मुली कमिटीकडे आल्या. फक्त दुपारी जेवणाऱ्या एकवीस जणींना गुरुवारी आणि चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी किंवा वरी-आमटी हवी होती. कमिटीने नवा प्रकार काढला 'ड', म्हणजे क चं सगळं आणि वर उपासाचे १८० रुपये. मला दोन मिनिटंही लागली नाहीत. ड ला क चंच लॉजिक हवंय ना? मग ड ला क च्या बरोबर डोक्यावर बसवायचं. उपासाचे १८० मिळवायचे आणि खाली क मध्ये घसरू द्यायचं. एक ओळ वाढली. ड चं एक बिल काढून पाहिलं, १६८०, बरोबर. क चं पाहिलं, १५००, बरोबर. अ आणि ब मी तपासलेच नाहीत, कारण त्यांना मी हातच लावला नव्हता!

हुशार वाचकांच्या लक्षात आलंच असेल. मला दोन महिने आलं नाही.

जानेवारीत मेसच्या खात्यात बरीच शिल्लक दिसली. कमिटी खूश. मावशींनी काटकसर केली म्हणून त्यांचं कौतुक झालं आणि २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर श्रीखंड-पुरीचा बेत झाला. मी दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी सगळा मजला पोह्यांच्या वासाने खाली पळत होता आणि फर्स्ट इयरची एक मुलगी रीडिंग रूममध्ये एकटीच बसलेली. (तिचं नाव लिहीत नाही, तशी तिची अट आहे.) मी सहज विचारलं, "काय गं, नाश्ता नाही करायचा?"

"मी ब मध्ये गेले ना ताई. जानेवारीपासून."

"का? पोहे आवडत नाहीत?"

ती हसली. "तसं नाही. डिसेंबरचं बिल ३३८० आलं. घरी मी ३२०० सांगितले होते. परत फोन करून जास्तीचे कसे मागायचे? म्हणून नाश्ता काढून टाकला."

"अगं, पण १८० रुपयांसाठी सहाशेचा नाश्ता?"

"तुमच्या प्रोग्रॅममध्ये थोडासा नाश्ता असा प्रकारच नाही ना," ती म्हणाली. टोमणा नव्हता. खरंच नव्हता तसा प्रकार.

३३८० हा आकडा ऐकून माझ्या पोटात गोळा आला. अ चं बिल ३३८० होऊच शकत नाही. तिने वही काढली. मेसचा सगळा हिशेब तिने पेन्सिलने मांडला होता. ११०० अधिक १२०० अधिक ३०० बरोबर २६००, आणि त्याखाली, 'पावतीवर २७८०'. शेजारी प्रश्नचिन्ह.

"तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं काहीतरी टॅक्स असेल. कॉम्प्युटरचं बिल आहे, ते कसं चुकेल?"

आता मला सांगायला लाज वाटते ते सांगते. मी स्वतः अ मध्ये आहे. माझंही डिसेंबरचं बिल ३३८० च आलं होतं. जानेवारीचंही. मी ते बाबांना फॉरवर्ड केलं आणि बाबांनी पैसे पाठवले. आम्ही दोघांनीही आकडा वाचला नव्हता. प्रोग्रॅम मी लिहिला, चुकीचं बिल मला आलं, आणि चूक सापडली तिच्या पेन्सिलीला.

मी लॅपटॉप आणला. तिने स्विच मागच्याच सेमिस्टरला शिकला होता. ती मराठी मीडियमची, त्यामुळे सगळं शब्द शब्द लावून वाचते. बोट ठेवून वाचायला लागली. "अ आला. नाश्ता मिळवला. मग ब, रात्रीचं जेवण मिळवलं. मग..." ती थांबली. "ताई, ब संपल्यावर ड मध्ये जायचं नाही असं कुठे सांगितलंय?"

कुठेच नाही. अ आणि ब वाल्या सगळ्या मुली दर महिन्याला ड मधून जात होत्या. न केलेल्या उपासाचे १८० रुपये देऊन.

मला हे दिसलं का नाही, यावर मी नंतर विचार केला. मी लहानपणापासून 'केस' हा शब्द इंग्रजीतच ऐकलाय. 'इन केस ऑफ फायर', 'कोर्ट केस', 'पेन्सिल केस'. माझ्या डोक्यात केस म्हणजे एक बंद खोली. ड ची खोली ड वाल्यांची, तिथे दुसरं कुणी कशाला जाईल? पण सीमध्ये केसला भिंतीच नसतात. केस म्हणजे फक्त खूण, इथून शिरा म्हणून. हे मला पाठ होतं, तरी डोळ्याला खोलीच दिसत होती. तिला 'केस' या शब्दाचा काहीच अर्थ आधी माहीत नव्हता, म्हणून तिला जे लिहिलंय तेच दिसलं.

"म्हणजे आमच्या गावच्या एसटीसारखं आहे हे," ती म्हणाली. "माणूस कुठल्याही थांब्यावर चढतो. पण कंडक्टरने घंटी दिल्याशिवाय गाडी थांबत नाही. मधली सगळी गावं लागतातच."

चार वर्षांचं इंजिनियरिंग एका बाजूला आणि हे वाक्य एका बाजूला. आणि याच वाक्यात माझ्या युक्तीचा खरा दोषही आहे. फॉल थ्रू म्हणजे एकच सरळ रस्ता. अ च्या पोटात ब आणि ब च्या पोटात क, अशी एकात एक डब्यांची उतरंड असेल तोवर तो चालतो. पण क च्या थांब्यावर दोन वेगळे रस्ते येऊन मिळणार असतील, एक ब कडून आणि एक ड कडून, तर एका गाडीने ते जमत नाही. क च्या डोक्यावर जागा एकच आहे. तिथे ड बसला की ब ला त्याच्यातूनच जावं लागतं, आणि ब बसला की ड ला. ड नंतर ब्रेक लावला असता तर ब आणि अ वाल्यांना दुपारचं जेवणच मिळालं नसतं. तेव्हा लेखाचं नाव 'ब्रेक लावायचा राहिला' असलं, तरी इथे नुसता ब्रेक लावून भागणार नव्हतं. मांडणीच चुकली होती.

त्या रात्री झोप येईना, म्हणून अशी चूक आणखी कुणी केलीय का ते शोधत बसले. दुसऱ्याची मोठी चूक वाचली की आपली जरा लहान वाटते! मिळाली, आणि केवढी मोठी मिळाली. १५ जानेवारी १९९० ला अमेरिकेत एटी अँड टी कंपनीचं लांब पल्ल्याचं टेलिफोन नेटवर्क कोसळलं. एक एक्स्चेंज थोडा वेळ बंद पडून पुन्हा सुरू झालं आणि त्याने शेजारच्यांना तसा संदेश पाठवला. तो संदेश हाताळताना शेजारची एक्स्चेंजेस गडबडून रीसेट झाली. ती सुरू झाली की त्यांच्या संदेशाने त्यांचे शेजारी. अशी ११४ एक्स्चेंजेस एकमेकांना पाडत राहिली, कारण सगळीकडे डिसेंबर १९८९ मध्ये चढवलेलं एकच नवं सॉफ्टवेअर होतं. जवळजवळ नऊ तास हा गोंधळ चालला आणि कोट्यवधी कॉल लागलेच नाहीत. मूळ कारण सी मधल्या एका स्विचमधला एक ब्रेक. तो 'इफ'च्या पोटात होता. सीमध्ये ब्रेक इफमधून बाहेर काढत नाही, जवळच्या लूपमधून किंवा स्विचमधून काढतो. त्यामुळे प्रोग्रॅम अख्ख्या स्विचच्या बाहेर पडला आणि पुढचं जरुरीचं काम राहूनच गेलं. गंमत म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजलाही इंग्रजीत स्विचच म्हणतात! त्यांचा ब्रेक नको तिथे लागला, माझी गाडी नको त्या गावातून गेली. जात एकच.

ही कथा पीटर व्हॅन डर लिंडेन यांच्या 'एक्स्पर्ट सी प्रोग्रॅमिंग' या १९९४ च्या पुस्तकात आहे. त्याच पुस्तकात आणखी एक हिशेब आहे. सन कंपनीच्या सी कंपायलरच्या एका भागात २४४ स्विच होते, प्रत्येकात सरासरी सात केस. त्यात खरोखरचा फॉल थ्रू किती ठिकाणी? फक्त ३ टक्के. म्हणजे शंभरातल्या तिघांच्या सोयीसाठी उरलेल्या सत्त्याण्णवांनी आठवणीने ब्रेक लिहायचा, आणि विसरला तर कंपायलर गप्प.

पुढच्या भाषांनी हे मनावर घेतलेलं दिसतं. सी शार्पमध्ये केसमध्ये काही काम लिहिलं असेल तर तिथून गुपचूप खाली घसरताच येत नाही, रिकाम्या केस मात्र एकाखाली एक चालतात. गो (२००९) आणि स्विफ्ट (२०१४) मध्ये नियमच उलटा : केस संपली की आपोआप बाहेर, आणि खाली जायचं असेल तर 'फॉल थ्रू' असा शब्द लिहून सांगायचं. जावाने २०२० मध्ये, आवृत्ती १४ मध्ये, बाणाचा नवा स्विच पक्का केला, त्यात घसरणं नाहीच. आपल्या लॅबमधल्या जीसीसी कंपायलरलाही आवृत्ती ७ पासून, म्हणजे २०१७ पासून, याची सूचना देता येते. पण ती 'ऑल' या पर्यायात येत नाही, 'एक्स्ट्रा' नावाचा पर्याय वेगळा मागावा लागतो. मी मागितला नव्हता. सरांना विनंती आहे की फर्स्ट इयरच्या पहिल्या प्रॅक्टिकलपासून तो चालू ठेवायला सांगावा. वॉर्निंग खूप येतात म्हणून आम्ही कुरकुर करू, तिकडे लक्ष देऊ नये.

मी प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. आधी दुपारचं जेवण आणि सामाईक खर्च यांचं वेगळं फंक्शन केलं, आणि प्रत्येक केस आपापलं काम करून, ते फंक्शन बोलावून, स्वतःचा ब्रेक घेऊन बाहेर. मग वाटलं, स्विच तरी कशाला? एक तक्ताच करावा. आडव्या ओळीत अ, ब, क, ड. उभ्या रकान्यात नाश्ता, दुपार, रात्र, उपास, सामाईक. ज्याला जे लागू तिथे १, नाही तिथे ०. उद्या नवा प्रकार आला तर एक ओळ वाढेल, बाकी कुणाला धक्का नाही. तक्ता मॅडमना दाखवला. त्यांनी काही न बोलता कपाट उघडून जुनं रजिस्टर काढलं. तेच रकाने! १ च्या जागी लाल पेनाने बरोबरची खूण, ० च्या जागी फुली. एवढाच फरक.

मग मेसमध्ये मीटिंग घेऊन सगळ्यांसमोर सांगितलं. ९४ मुली, प्रत्येकी ३६० रुपये, एकूण ३३ हजार ८४०. फेब्रुवारीच्या बिलातून वजा केले, आणि श्रीखंडाचा खड्डा भरून काढायला त्या महिन्याची फीस्ट रद्द झाली. थोडी हुर्यो झाली, ती मी ऐकून घेतली. मीटिंग संपल्यावर मावशी पातेलं घासता घासता म्हणाल्या, "माझ्या भाजीत मीठ जास्त पडलं तर पहिल्या घासाला ओरडता गं पोरींनो. तुझ्या हिशेबात पडलेलं दोन महिने कुणाला लागलं नाही."

खरं आहे. भाजी सगळे चाखून बघतात. कॉम्प्युटरचा आकडा कुणी चाखत नाही, लिहिणारीसुद्धा नाही. माझी चूक फक्त ड ला नको तिथे बसवण्याची नव्हती. "ज्याला मी हात लावला नाही ते तपासायचं कशाला" ही खरी चूक. लॉजिक सामाईक केलं की कुणीच एकटं राहत नाही. एकीसाठी बदललेली ओळ सगळ्यांच्या ताटात पडते. तेव्हा बदल एकीचा असला तरी बिल चौघींचं काढून बघायला हवं. आता मी दर महिन्याला पावत्या छापण्याआधी चारही प्रकारांचं एकेक बिल हाताने मांडते. पेन्सिलने.

तिचे ३६० रुपये परत गेले. पण जानेवारीचे सगळे आणि फेब्रुवारीचे काही नाश्ते कुठल्या फंक्शनने परत देणार? मी माझ्या पैशांतून द्यायला गेले तर तिने घेतले नाहीत. म्हणाली, "ताई, त्यापेक्षा मला पॉइंटर शिकवा."

ती आता पुन्हा अ मध्ये आहे. सकाळी पोह्यांच्या वेळी आम्ही एकाच टेबलावर बसतो. पॉइंटर शिकवताना ती दर ओळीला थांबवते आणि "हे असं कुठे सांगितलंय?" विचारते. दोनदा मला उत्तर आलं नाही. पोहे गार होतात, पण चालतं.